श्वास सोडा, थांबा : हृदयाच्या एमआरआयला जाण्यापूर्वी

डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय करायला सांगितला की घरात बोलणं होतं ते खर्चाचं, त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये जीव घाबरेल का याचं, आणि अंगावरचं सोनं घरीच काढून ठेवायचं याचं. श्वासाचा विषय सहसा कुणी काढत नाही. तो निघतो थेट टेबलावर, छातीवर कॉइल बांधून झाल्यावर, हेडफोनमधून आवाज येतो तेव्हा : ‘श्वास घ्या, सोडा, थांबा.’ गुडघ्याच्या किंवा मणक्याच्या एमआरआयमध्ये स्वस्थ पडून राहिलं की भागतं. हृदयाच्या तपासणीत रुग्णालाही काम करावं लागतं, पाऊणएक तासात वीस-पंचवीस वेळा श्वास धरावा लागतो, आणि हे काम आधी शिकून गेलेला रुग्ण आणि न शिकता गेलेला रुग्ण यांच्या चित्रांत डोळ्यांना दिसेल एवढा फरक असतो.

मी हा लेख तपासणीला जाणाऱ्यांसाठी आणि त्यांच्यासोबत येणाऱ्यांसाठी लिहितो आहे. मध्ये दोन गोष्टी माझ्या क्षेत्रातल्या सहकाऱ्यांनाही सांगायच्या आहेत, त्या त्यांनी ऐकाव्यात.

आधी श्वासाचा हृदयाशी संबंध काय ते पाहू. हृदय श्वासपटलावर टेकलेलं असतं. आपण शांतपणे श्वास घेत असतानाही श्वासपटल साधारण एक ते दोन सेंटिमीटर खाली-वर होतं. दीर्घ श्वासात त्याहून बरंच जास्त. त्याच्याबरोबर हृदयही सरकतं, ढोबळमानाने श्वासपटलाच्या साठ टक्के. म्हणजे श्वासपटल दीड सेंटिमीटर हललं तर हृदय नऊएक मिलिमीटर. आता दुसरा आकडा पाहा : डाव्या कप्प्याच्या भिंतीची जाडी निरोगी माणसात जेमतेम एक सेंटिमीटर असते. हार्ट अटॅकनंतर राहिलेला व्रण त्या भिंतीच्या आतल्या बाजूला तीन-चार मिलिमीटरच्या पट्ट्याएवढाही असू शकतो. जी गोष्ट शोधायची तिच्या दुपटीहून जास्त हालचाल प्रत्येक श्वासात होत असते.

त्यात भर म्हणजे एमआरआयचं चित्र एका क्षणात टिपलं जात नाही. छातीवर ईसीजीचे स्टिकर लावलेले असतात. मशीन प्रत्येक ठोक्याला चित्राची थोडीथोडी माहिती गोळा करतं आणि आठ-दहा ठोक्यांची माहिती जोडून धडधडणाऱ्या हृदयाची एक चित्रफीत तयार करतं. डेनिस अ‍ॅटकिन्सन आणि रॉबर्ट एडलमन यांनी १९९१ साली ही पद्धत मांडली आणि एका श्वासात हृदयाच्या एका छेदाची अख्खी चित्रफीत मिळू लागली. पण त्या आठ-दहा ठोक्यांत हृदय सरकलं, तर वर्तमानपत्राच्या रंगीत छपाईत रंग एकमेकांवर नीट न बसल्यावर चेहऱ्याच्या कडा दुहेरी दिसतात, तशी हृदयाची भिंत दिसते. कडा कुठली आणि सावली कुठली, ते कळेनासं होतं.

हे झालं एका चित्राचं. खरी अडचण त्यापुढे आहे आणि ती फारशी कुणी समजावून सांगत नाही. हृदयाचं पंपिंग किती टक्के आहे हे काढण्यासाठी डाव्या कप्प्याचे वरपासून टोकापर्यंत दहा-बारा आडवे छेद घेतात. प्रत्येक छेद साधारण आठ मिलिमीटर जाड. साधारणपणे एका छेदासाठी एकदा श्वास धरायचा, मग विश्रांती, मग पुढचा छेद. समजा, चौथ्या छेदाच्या वेळी तुम्ही श्वास थोडा सोडून थांबलात आणि पाचव्याच्या वेळी पूर्ण सोडून थांबलात. दोन्ही वेळा अगदी पुतळ्यासारखे स्थिर राहिलात, दोन्ही चित्रं लख्ख आली. तरीही मधल्या वेळात हृदय सेंटिमीटरभर सरकलेलं आहे. मग भिंतीचा एक भाग दोनदा मोजला जातो किंवा मोजायचाच राहून जातो, आणि पंपिंगच्या टक्केवारीत चूक शिरते. व्रण नेमका त्या राहिलेल्या भागात असेल तर तो दिसतच नाही. असली चूक चित्र पाहून पटकन ओळखूही येत नाही, कारण चित्र स्वच्छ असतं.

म्हणून सांगतो, श्वास किती वेळ रोखता यापेक्षा दर वेळी तो त्याच जागी रोखता का, याला महत्त्व जास्त आहे. बारा सेकंद रोखणारा, पण दर वेळी एकाच ठिकाणी थांबणारा रुग्ण मला तीस सेकंद रोखणाऱ्या पैलवानापेक्षा अधिक चांगली चित्रं देतो.

श्वास घेऊन नव्हे, सोडून

‘श्वास रोखा’ म्हटलं की माणूस छाती भरून श्वास घेतो आणि गाल फुगवून थांबतो. नदीत बुडी मारायची सवय असलेल्यांचं तर हमखास असं होतं. हृदयाच्या एमआरआयमध्ये बहुतेक ठिकाणी उलट सांगतात : श्वास घ्या, सोडा आणि सोडलेल्या स्थितीत थांबा. कारण साधं आहे. सहज उच्छ्वास संपतो तेव्हा श्वासाचे स्नायू सैल झालेले असतात, फुप्फुसाची आत ओढ आणि छातीच्या पिंजऱ्याची बाहेर ओढ यांचा तोल साधलेला असतो. श्वासपटल दर वेळी जवळजवळ त्याच उंचीवर येऊन विसावतं. श्वास भरून थांबायचं तर ते स्नायूंच्या जोरावर खाली दाबून धरावं लागतं. दर वेळी वेगळ्या पातळीवर धरलं जातं आणि धरलेल्या वेळात हळूहळू वर सरकत राहतं.

एक मात्र खरं, की सोडून थांबणं कठीण जातं. भरून घेतलेल्या श्वासावर जितका वेळ निघतो तितका सोडल्यावर निघत नाही. प्राणायाम करणाऱ्यांना याची कल्पना असते. बाह्य कुंभक ज्यांनी केला आहे त्यांना या सूचना लगेच जमतात. फक्त त्यांनीही एक लक्षात ठेवावं : पोट आत खेचून सगळी हवा बाहेर काढायची नाही. नेहमीचा श्वास सुटतो तेवढाच सोडायचा. बंध लावायचे नाहीत, नाहीतर पुन्हा दर वेळी जागा बदलते.

आणि घसा आवळून, पोटात जोर देऊनही थांबू नका. शौचाला जोर लावताना छातीत जसा दाब वाढतो, तसा दाब वाढला की हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, कप्प्यांचा आकार बदलतो, ठोक्यांचा वेग बदलतो. आपण जे मोजायला आलो तेच बदलून जातं.

सूचना पाळणाऱ्यांकडूनही एक गोष्ट नेहमी निसटते. पोटावर बांधलेल्या पट्ट्यामुळे श्वासाची रेषा कन्सोलच्या पडद्यावर दिसत असते. एका आजींची रेषा मला आजही आठवते. ‘श्वास घ्या’ म्हटल्यावर रेषा वर गेली, ‘सोडा’ म्हटल्यावर छान खाली आली, आणि ‘थांबा’ म्हटल्याबरोबर एक छोटा उंचवटा काढून मग सपाट झाली. थांबायचं म्हटल्यावर त्या नकळत एक घोट हवा आत घेत होत्या. पुढे हवा मिळणार नाही म्हणून शरीराने केलेली ती बेगमी होती. उंचवटा दर वेळी वेगळा, म्हणून छेदही दर वेळी वेगळ्या जागी. टेबल बाहेर काढलं, त्यांचाच हात त्यांच्या पोटावर ठेवला आणि म्हटलं, ‘आजी, हात खाली गेला की तिथेच राहू द्या. मी सांगेपर्यंत वर येऊ द्यायचा नाही.’ दोन-तीन वेळा केलं आणि उंचवटा गेला. त्यांना आधीच्या सूचना ऐकू येत होत्या, कळतही होत्या. आपला हात वर येतोय हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं, इतकंच.

घरी करायचा सराव

तपासणीच्या आधी तीन-चार दिवस, रोज पाच मिनिटं पुरे. पाठीवर आडवं व्हा, डोक्याखाली एकच पातळ उशी. एक हात बेंबीवर ठेवा. सूचना दुसऱ्या कुणीतरी द्याव्यात, कारण मशीनमध्येही त्या दुसऱ्याच्याच असणार आहेत. नेहमीसारखा श्वास घ्या, नेहमीसारखा सोडा, हात खाली गेला की थांबा. सोबतच्याने घड्याळाचा सेकंदकाटा पाहावा. सुरुवातीला सहा-सात सेकंद, मग दहा, जमलं तर पंधरा. मध्ये पंधरा-वीस सेकंद मोकळा श्वास घ्या आणि पुन्हा करा. असं पाच-सहा वेळा. विक्रम करायचा नाही. पहिल्या वेळी हात जिथे थांबला तिथेच सहाव्या वेळीही थांबतो का, ते पाहायचं.

ज्यांना बसल्या जागीही धाप लागते, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला आहे किंवा छातीत दुखत आहे, त्यांनी हा सराव आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा. आणि तो कुणीच भस्त्रिकेसारखे जोरजोरात श्वास घेऊन सुरू करू नये. त्याने श्वास थोडा जास्त वेळ रोखता येतो हे खरं, पण चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि काहींना ते घातक ठरू शकतं. तपासणीच्या वेळी टेक्निशियन एखाद-दोन मोठे श्वास घ्यायला सांगतील, तेवढेच घ्यावेत.

सरावातून एक आकडा हाती येतो : मला आरामात किती सेकंद जमतं. तो आकडा तपासणीच्या आधी टेक्निशियनना सांगा. ‘मला दहा सेकंदांपेक्षा जास्त होत नाही’ एवढं एक वाक्य फार उपयोगी पडतं. मशीनवर श्वासाचा वेळ कमी करता येतो. चित्राची बारकाई किंचित कमी करून किंवा माहिती गोळा करायचा वेग वाढवून पंधरा सेकंदांचं काम आठ सेकंदांत बसवता येतं. पण ते आधी कळलं तर.

तपासणीच्या दिवशी

भरल्या पोटी जाऊ नका. पोट तुडुंब असलं की आडवं झाल्यावर श्वासपटलाला जागा राहत नाही. किती तास उपाशी राहायचं ते केंद्रावर विचारून घ्या, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर आवर्जून विचारा. आत जाण्याआधी लघवीला जाऊन या. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर त्या सकाळी ती केव्हा घ्यायची हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका, कारण तीच गोळी तुम्हाला सपाट झोपू देत असते. सर्दी-खोकला जोरात असेल तर फोन करून सांगा. तपासणी तातडीची नसेल तर चार दिवस पुढे ढकललेली बरी, कारण खोकल्याच्या उबळीपुढे कोणतंही तंत्र चालत नाही.

सपाट झोपल्यावर धाप लागणाऱ्यांनी ते लपवू नये. ‘थोडा वेळ काढीन कसातरी’ असं म्हणून आत जाणारे बरेच असतात. डोक्याखाली जाड उशी, गुडघ्यांखाली आधार, नाकात ऑक्सिजनची नळी असं बरंच काही करता येतं, आणि ऑक्सिजनने बऱ्याच जणांचा श्वास धरायचा वेळ वाढतोही.

ऐकू कमी येणाऱ्यांचं काय? श्रवणयंत्र आत नेता येत नाही. मशीनचा खडखडाट मोठा, कानांवर हेडफोन. अशा वेळी खुणा आधी ठरवून ठेवाव्यात. बहुतेक केंद्रांत धातूची वगैरे तपासणी करून एका नातेवाइकाला आत थांबू देतात. त्याने पायाला एकदा हात लावला की श्वास सोडून थांबायचं, दोनदा लावला की मोकळा श्वास. इतकी साधी व्यवस्था पुरते.

भाषेचंही तेच. अनेक मशीनमध्ये सूचना आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या असतात, इंग्रजीत किंवा हिंदीत. घरी मराठी, अहिराणी किंवा कोकणी बोलणाऱ्या सत्तरीच्या माणसाला त्या आवाजाची सवय नसते. माझी सहकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे : रुग्णाच्या भाषेत, स्वतःच्या आवाजात बोला, आणि दर वेळी तेच शब्द, त्याच लयीत. रुग्णाला टेबलावर घेण्याआधी बाहेर स्टुलावर बसवून तीन वेळा सराव करून घ्या. ‘थांबा’ म्हटल्यावर बटण दाबायच्या आधी श्वासाची रेषा खरोखर सपाट झाली आहे का, ते पाहा. या पाच मिनिटांनी जेवढी चित्रं वाचतात तेवढी नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने वाचत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

रुग्णांनी एक पथ्य पाळावं. श्वास पुरत नसेल तर चोरून घेऊ नका. हळूच नाकाने अर्धा श्वास घेतला तर कुणाला कळणार नाही असं वाटतं, पण चित्रात तो दिसतोच, फक्त कारण कळत नाही. त्यापेक्षा सरळ श्वास सोडून द्या, आणि नंतर मायक्रोफोनवर सांगा, ‘शेवटी सुटला.’ ते चित्र पुन्हा घेता येतं. हातात दिलेला रबरी फुगा खरी अडचण असेल तेव्हा दाबायला असतो. तो दाबायला संकोच करू नका.

ज्यांना श्वास धरताच येत नाही

दम्याचे, फुप्फुसांच्या जुन्या आजाराचे, हृदय कमजोर झालेले रुग्ण आधीच हिरमुसतात. त्यांनी तसं वाटून घेऊ नये. मोकळा श्वास चालू ठेवून चित्रं घेण्याच्या पद्धती आहेत आणि त्या दुय्यम नाहीत.

त्यातली जुनी पद्धत रिचर्ड एहमन आणि जोएल फेल्मली यांनी १९८९ मध्ये मांडली. मशीन श्वासपटलाच्या उजव्या घुमटावर, यकृत आणि फुप्फुस यांच्या सीमेवर सतत नजर ठेवतं आणि ती सीमा ठरवलेल्या पट्ट्यात, साधारण पाच मिलिमीटरच्या आत, असेल तेव्हाचीच माहिती स्वीकारतं. बाकीची टाकून देतं. निम्म्याहून जास्त ठोके असे वाया जातात, म्हणून वेळ लागतो. हृदयाच्या धमन्या कुठून निघतात हे मुलांमध्ये किंवा तरुणांमध्ये पाहायचं असेल तर ही पद्धत खूप कामाची. इथे रुग्णाने करायचं ते एवढंच : श्वास एकसारखा, उथळ आणि शांत ठेवायचा. आणि झोपायचं नाही. डोळा लागला की श्वासाची चाल बदलते, श्वासपटल त्या पट्ट्यातून बाहेर राहू लागतं आणि दहा मिनिटांचं काम वीस मिनिटांवर जातं.

व्रण पाहण्यासाठी गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन दहाएक मिनिटांनी चित्रं घेतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या पीटर केलमन यांच्या गटाने २००५ मध्ये यासाठी वेगळी वाट दाखवली : मोकळ्या श्वासात भराभर अनेक चित्रं काढायची, संगणकाने ती एकमेकांवर नेमकी बसवायची आणि त्यांची सरासरी काढायची. आज ज्या मशीनवर ही सोय आहे तिथे धाप लागणाऱ्या रुग्णाचा व्रणही स्पष्ट दिसतो. केंद्र निवडायची मुभा असेल तर ‘मोकळ्या श्वासात तपासणी करता का?’ हा प्रश्न अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

स्ट्रेस तपासणीत अ‍ॅडेनोसिन नावाचं औषध शिरेतून देतात. त्याने काही मिनिटं छातीत भरून येतं, धाप लागते, चेहरा गरम होतो. हे अपेक्षितच असतं आणि औषध थांबवलं की लवकर निवतं. या वेळी श्वास धरण्याची धडपड करू नका, उथळ आणि एकसारखा घेत राहा. चहा, कॉफी, कोला, चॉकलेट आदल्या दिवसापासून बंद ठेवायला सांगतात ते मनापासून पाळा. चहा-कॉफी औषधाचा परिणाम मारू शकते. दमा असेल तर तो आधी सांगितलाच पाहिजे.

थॅलेसेमियाच्या मुलांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे, विशेषतः उल्हासनगर-पिंपरीसारख्या ठिकाणच्या सिंधी कुटुंबांत, हा आजार अनेक घरांना परिचयाचा आहे. वारंवार रक्त द्यावं लागल्याने हृदयात लोह साठतं. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमधून २००१ मध्ये आलेल्या कामामुळे ते टी-टू-स्टार या मापाने मोजता येऊ लागलं : २० मिलिसेकंदांच्या खाली आकडा आला तर लोह साठलं आहे, १० च्या खाली गेला तर हृदय निकामी होण्याचा धोका मोठा. या मापनाला हृदयाच्या मधल्या भिंतीचा एकच छेद, म्हणजे एकच श्वास पुरतो. आठ-नऊ वर्षांचं मूल हे सहज करू शकतं, त्याला भूल द्यावी लागत नाही, फक्त आधी खेळून घ्यावं लागतं. मुलाला उताणं झोपवा, पोटावर आवडतं मऊ खेळणं ठेवा. श्वास सोडला की खेळणं खाली जातं. ते दहा आकडे होईपर्यंत झोपून राहिलं पाहिजे. आई-बाबांनीही शेजारी झोपून करावं. जी मुलं आठवडाभर हे खेळून येतात ती मशीनमध्ये मोठ्यांपेक्षा चांगलं काम करतात. अगदी लहान मुलांना भूल द्यावी लागते, तिथे भूलतज्ज्ञच श्वासयंत्र काही सेकंद थांबवून चित्रं घेऊ देतात.

एका आजारात मात्र श्वास मुद्दाम घ्यायला लावतात. टीबीमुळे हृदयाभोवतीचं आवरण जाड आणि ताठ होतं, आपल्याकडे हे आजही पाहायला मिळतं. तेव्हा रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला-सोडायला सांगून चालू श्वासात चित्रं काढतात. श्वास आत घेताना दोन कप्प्यांमधला पडदा डावीकडे ढकलला जातो का, यावरून निदान होतं. तिथे श्वास धरला तर खूणच हरवते. म्हणून प्रत्येक वेळी सूचना पूर्ण ऐका; सवयीने थांबू नका.

रिपोर्ट हातात आला की कधी कधी ‘श्वासाच्या हालचालीमुळे काही प्रतिमांचा दर्जा मर्यादित’ अशी ओळ असते. घाबरून जाऊ नका, आणि ती ओळ सोडूनही देऊ नका. डॉक्टरांना विचारा की मर्यादा कशाला आली आहे : पंपिंगच्या आकड्याला, व्रणाच्या चित्रांना की दोन्हींना. पुष्कळदा ज्या प्रश्नासाठी तपासणी केली त्याचं उत्तर मिळालेलं असतं आणि बाजूचं एखादं माप तेवढं सैल असतं. पुन्हा करायचीच वेळ आली तर इंजेक्शनशिवाय फक्त तेवढा भाग करता येईल का, हेही विचारता येतं. पंपिंगचा आकडा वर्षाने पुन्हा काढायचा असेल तर शक्य तो त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने काढा, जुनी सीडी सोबत न्या, आणि गेल्या वेळी श्वास सोडून धरला होता की मोकळा ठेवला होता, ते टेक्निशियनना सांगा.